दहाला दहा जुळेनात

मित्राला जाऊन वर्ष झाले, तेव्हा वहिनींनी माळा आवरायला काढला. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांनी आमच्या पिढीतली बरीच माणसे उचलून नेली, त्यांत तोही होता. आवराआवरीत एक पुठ्ठ्याचा खोका निघाला. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, हे सायकलचं काहीतरी आहे. भंगारात घालायचा जीव होत नाही. तुम्हीच घेऊन जा.’

घरी येऊन खोका उघडला. आत इटालियन वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली कॅम्पान्योलोची शिफ्टरची जोडी होती. रेसिंगच्या सायकलला एडक्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल असते. त्यावर दोन्ही हातांशी दोन मुठी बसतात; ब्रेक त्यातच आणि गिअर बदलण्याचे खटकेही त्यातच. त्या मुठी म्हणजे शिफ्टर. मित्र पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. २००४ साली कंपनीने त्याला एका मशिनच्या शिक्षणासाठी इटलीला पाठवले, तेव्हा रोजच्या भत्त्यातून पैसे वाचवून त्याने ही जोडी आणली होती. निवृत्त झाल्यावर मनासारखी सायकल बांधायची आणि त्यावर ती चढवायची, असा बेत होता. निवृत्ती आली, पण सायकल बांधायची राहून गेली.

योगायोग असा, की माझ्या सायकलचे शिफ्टर मीच एकदा पावसात घसरून पडताना वाकवून ठेवले होते. गिअर कसेबसे पडत होते. म्हटले, नवे घेण्यापेक्षा मित्राचेच लावू. माझी सायकल दहा गिअरची, म्हणजे मागच्या चाकाला दहा चक्रांची कॅसेट; डिरेलर आणि कॅसेट जपानच्या शिमानोची. मित्राचे शिफ्टरही दहा गिअरचे. दहाला दहा. पत्रिका जुळली, असे समजून मी निघालो.

या समजुतीची किंमत गुडघ्याने मोजली. ती कशी, ते पुढे येईलच. पण त्या निमित्ताने सायकलच्या गिअरबद्दल जे शिकलो, ते आज सायकलीवर दहा-वीस हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत खर्च करणाऱ्या अनेकांच्या उपयोगी पडेल, असे वाटते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे, कुठेही पहाटे रस्त्यावर उभे राहिलात तर हेल्मेट घातलेली ही मंडळी दिसतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, अशा ‘ब्रेव्हे’ ते करतात. वर्ष-दोन वर्षांत प्रत्येकाला सायकल ‘अपग्रेड’ करायची लहर येते. मग प्रश्न पडतो : एका कंपनीचा शिफ्टर, दुसरीचा डिरेलर, तिसरीची कॅसेट; चालेल का?

कात्रजचा चढ

पहिल्या दुकानदाराने मला अडवले नाही. ‘दहाचे आहेत ना? मग झालं,’ म्हणाला आणि अर्ध्या तासात शिफ्टर बसवून दिले. स्टँडवर चाक फिरवून पाहिले. मधले तीन-चार गिअर बरे पडत होते. शेवटच्यांना थोडा खडखडाट होता. ‘नवीन केबल आहे, चार दिवसांत बसेल,’ असे तो म्हणाला. मलाही ते पटवून घ्यायचेच होते.

सपाट रस्त्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे जुन्या कात्रज घाटाला लागलो. चढ वाढला तसा मी हलका गिअर घेण्यासाठी बोट दाबले. खट्‌ असा आवाज झाला, पण साखळी एका चक्रावरून सुटली आणि दुसऱ्यावर नीट चढलीच नाही. दोन चक्रांच्या मध्ये ती करकरत राहिली. वळण समोर होते, वेग संपत आला होता. मी पेडलवर उभा राहिलो. सगळे वजन उजव्या पायावर आले आणि त्याच क्षणी साखळी निसटून खालच्या चक्रावर पडली. पायाखालची पायरी निघून जावी तसे झाले. गुडघा हँडलवर आपटला आणि मी रस्त्याच्या मधोमध आडवा झालो. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहितो आहे. त्याने खाली उतरून मला उठवले, सायकल कडेला लावली आणि एवढेच म्हणाला, ‘काका, या वयात साधी सायकल चालवा की.’

मग एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने शिफ्टर पाहिले, डिरेलर पाहिला आणि मान हलवली. ‘सर, इटालियन आणि जपानी एकत्र चालतच नाही. पूर्ण सेट बदला.’ आकडा पन्नास हजारांच्या वर गेला. त्यात मित्राच्या शिफ्टरला जागा नव्हती.

म्हणजे एक म्हणाला, काहीही चालते. दुसरा म्हणाला, काहीच चालत नाही. दोघांनीही खिशातून मोजपट्टी काढली नाही.

अंगठा आणि कान

कंपन्यांची सरमिसळ पूर्वी इतकी अवघड नव्हती. डिरेलर म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा छोटा हात. शंभर वर्षांपूर्वीही तो होता. पण फ्रान्सच्या ‘टूर द फ्रान्स’ या सर्वांत मोठ्या शर्यतीत त्याला १९३७ पर्यंत मज्जाव होता. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटे. स्पर्धक चढाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढत आणि उलटे बसवत. चाकाच्या दुसऱ्या बाजूला चढाचे चक्र असे. इटलीतला तुल्यो कॅम्पान्योलो हा असाच एक स्पर्धक. १९२७ साली एका बर्फाळ खिंडीत थंडीने बधिर झालेल्या बोटांनी चाकाचे नट त्याला सोडवता येईनात, आणि तिथेच त्याला एका झटक्यात चाक सुटेल अशा दांड्याची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. १९३३ साली त्याने विचेंझा गावात आपला कारखाना काढला. साखळी बदलणारे त्याचे डिरेलर पुढे जगभर गेले.

जपानमधल्या साकाई या गावाची परंपरा तलवारी, सुऱ्या आणि बंदुकीच्या नळ्या घडवण्याची. लोखंड ओळखणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. सायकल आली तसे ते हात तिच्या भागांकडे वळले. १९२१ साली शोझाबुरो शिमानो यांनी तिथेच फ्रीव्हील बनवायला सुरुवात केली. जपानच्याच सनटूर कंपनीने १९६४ साली तिरप्या चौकटीचा डिरेलर काढला. तो चक्रांच्या उतारानुसार तिरका सरके, त्यामुळे साखळी चक्राच्या जवळ राही. आजचे बहुतेक सगळे डिरेलर याच तत्त्वावर चालतात.

या सगळ्या काळात गिअर बदलायची दांडी नुसती घर्षणावर चालत असे. तिला खटके नव्हते. सायकलस्वार अंगठ्याने दांडी ओढायचा, साखळी चढल्याचा आवाज ऐकायचा, करकर राहिली तर केसभर मागे-पुढे करायचा. डिरेलर इटलीचा, फ्रीव्हील फ्रान्सचे, दांडी जपानची. कोणाचे कोणाशी अडत नसे. कारण जुळवणीचे काम कोणत्याच यंत्राकडे नव्हते. ते अंगठा आणि कान करत होते.

त्या दिवसांचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. फ्रेममध्ये पेडलचा दांडा जिथे बसतो तिथले आटे इंग्लिश सायकलला वेगळे, इटालियनला वेगळे आणि फ्रेंचला आणखी वेगळे असत. चुकीचा भाग जोरात पिळला की फ्रेमच बाद. गिअर नीट पडायला शिकण्यात महिने जात. चढावर एक हात हँडलवरून काढून खाली फ्रेमवरच्या दांडीकडे न्यावा लागे, ते वेगळेच.

१९८४ साली शिमानोने आपल्या वरच्या श्रेणीत खटक्याचा गिअर आणला. एक खटका म्हणजे एक चक्र, अंदाज नाही. १९९० साली खटके ब्रेकच्या मुठीत गेले. १९९२ साली कॅम्पान्योलोनेही तशीच मूठ काढली. शिकागोची स्राम कंपनी १९८७ साली सुरू झाली आणि २००६ पासून रेसिंगच्या सायकलींत उतरली. नवशिक्यालाही पहिल्या दिवसापासून गिअर पडू लागले. पण जे ज्ञान अंगठ्यात होते ते आता खटक्याच्या दात्यांत कोरले गेले, आणि प्रत्येक कंपनीने ते आपल्या मापाने कोरले.

शेर सगळीकडे सारखा नसतो

आपल्याकडे १९५८ पासून दशमान वजने आली. त्याआधी शेर, पायली, मण ही मापे होती आणि बाजार बदलला की शेरही बदलत असे. नाव तेच, पण आत बसणारे धान्य वेगळे. ‘दहा गिअर’ हे शब्द या जुन्या शेरासारखेच आहेत, हे मला पेठेतल्या एका बोळातल्या मिस्त्रींनी दाखवून दिले.

हे मिस्त्री माझ्याच वयाचे. दुकान दोन सायकली आत घेतल्या तर तिसरी बाहेर राहावी, एवढे. इटालियन कंपनीचे नाव त्यांना वाचता आले, पण त्यात त्यांना रस नव्हता. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, ‘साहेब, नाव राहू द्या. हा खटका वायर किती ओढतो ते बघू.’

त्यांनी खटका सर्वांत खालच्या जागी आणला. फ्रेमलगत उघड्या केबलवर पेनाने बारीक खूण केली. सात वेळा खट्‌खट्‌ केले आणि खूण किती सरकली ते व्हर्नियरने मोजले. साडेएकोणीस मिलिमीटरहून किंचित जास्त. सातने भागल्यावर एका खटक्याला सरासरी २.८ मिलिमीटर आले. मग केबल हाताने दहा मिलिमीटर ओढून डिरेलर आडवा किती सरकतो ते पाहिले : सतरा. म्हणजे केबल एक ओढली की डिरेलर १.७ सरकतो. पाटीवर खडूने गुणाकार झाला : २.८ गुणिले १.७, बरोबर ४.७६. एका खटक्याला डिरेलर पावणेपाच मिलिमीटर सरकत होता.

‘आता कॅसेट बघा,’ म्हणून त्यांनी पहिल्या चक्रापासून दहाव्यापर्यंतचे अंतर घेतले. मधल्या नऊ फटींनी भागले. ३.९५ मिलिमीटर.

सगळा उलगडा तिथेच झाला. चक्रे चार-चार मिलिमीटरवर उभी आणि खटका पावणेपाचची उडी मारणार. पहिल्या खटक्याला चूक ०.८ मिलिमीटरची, ती साखळी सांभाळून घेते. दुसऱ्याला १.६. तिसऱ्याला २.४, म्हणजे साखळी दोन चक्रांच्या साधारण मध्ये. पाचव्या खटक्याला हिशेब चार मिलिमीटरने, म्हणजे आख्ख्या एका चक्राने चुकलेला. दुकानदाराने मधले गिअर जुळवले होते म्हणून स्टँडवर सगळे बरे दिसले. टोकांकडे जावे तशी चूक वाढत होती. आणि घाटात माणूस टोकाकडेच जातो.

‘म्हणजे काचेच्या दुकानातला मुलगा बरोबर होता,’ मी म्हणालो. ‘इटालियन आणि जपानी जमत नाही.’

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी खालच्या खणातून आठ चक्रांची एक साधी कॅसेट काढली. स्वस्त गिअरच्या सायकलींना लागते म्हणून ती त्यांच्याकडे नेहमी असते. पहिल्या चक्रापासून आठव्यापर्यंत मोजले, सात फटींनी भागले. ४.८ मिलिमीटर.

पाटीवर ४.७६ होतेच. त्याखाली त्यांनी ४.८ लिहिले आणि माझ्याकडे पाहिले.

दहा गिअरचा इटालियन शिफ्टर, जपानी डिरेलर आणि आठ चक्रांची जपानी कॅसेट. सात खटक्यांत मिळून चूक जेमतेम पाव मिलिमीटर. दहाला दहा जुळत नव्हते. दहाला आठ जुळत होते. युरोपात आणि अमेरिकेत हौशी सायकलस्वार ही सोयरीक फार वर्षांपासून जमवत आले आहेत, हे मला नंतर कळले. मिस्त्रींना ते ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त मोजले होते.

काय मिसळावे, काय मिसळू नये

यावरून कोणी ‘सगळे चालते’ असे समजू नये. हाच हिशेब बहुतेक वेळा नकारार्थी येतो. शिमानोच्या जुन्या दहा गिअरच्या शिफ्टरला एका खटक्याला सुमारे २.३ मिलिमीटर केबल ओढायची सवय आणि त्याच्या डिरेलरचे प्रमाण १.७. स्रामचा दहाचा शिफ्टर ३.१ मिलिमीटर ओढतो आणि त्याचा डिरेलर १.३ पट सरकतो. दोन्ही घरांत उत्तर चारच्या आसपासच येते. म्हणून आपापल्या जोडीत दोन्ही सुरेख चालतात. पण स्रामचा शिफ्टर शिमानोच्या डिरेलरला जोडा, की एका खटक्याला सव्वापाच मिलिमीटर. उलट जोडा, तर तीन. दोन शहाणी माणसे वेगवेगळ्या भाषांत बोलावीत तसे होते.

घरातल्या घरातही हे घडते. शिमानोने अकरा गिअर आणताना प्रमाण १.७ वरून १.४ वर आणले आणि खटका जास्त केबल ओढू लागला. त्याला कारण आहे. केबल जितकी जास्त सरकते, तितका तिच्यातल्या मळाचा आणि ढिलाईचा परिणाम कमी. चक्रे अधिक जवळ आली की ही चूक परवडत नाही. पुढे २०१५ साली कंपनीच्या टियाग्रा या श्रेणीत दहा गिअरच ठेवून हे नवे माप आले. त्यामुळे त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, तितक्याच गिअरचा आधीचा डिरेलर नव्या शिफ्टरला जुळत नाही. नाव सारखे, आकडा सारखा, आणि शेर वेगळा.

मग साध्या माणसाने काय करावे? मिस्त्रींशी बोलून आणि स्वतः पडून-झडून मला जे समजले ते असे :

शिफ्टर आणि मागचा डिरेलर हे खरे नवरा-बायको. त्यांना शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच पिढीचे ठेवावे. वेगळे घ्यायचे तर आधी मोजावे.

कॅसेट त्या मानाने समंजस असते. शिमानो आणि स्रामच्या आठ, नऊ, दहा चक्रांच्या कॅसेटमधली अंतरे जवळजवळ सारखी आहेत आणि त्या सहसा एकाच प्रकारच्या चाकावर बसतात. कॅम्पान्योलोच्या कॅसेटच्या खाचा वेगळ्या, त्यामुळे तिला तिचेच चाक लागते. रेसिंगच्या अकरा गिअरच्या शिमानो कॅसेटला चाकावर जवळजवळ दोन मिलिमीटर जास्त जागा हवी. जुन्या चाकावर ती बसत नाही. हे पैसे देण्याआधी विचारावे.

साखळीची कडी सगळ्या जगात अर्ध्या इंचाचीच. बदलते ती बाहेरची रुंदी. चक्रे वाढली तशी साखळी सडपातळ झाली. तेव्हा साखळी कोणत्याही चांगल्या कंपनीची घ्या, पण कॅसेटच्या चक्रांची संख्या पाहून घ्या.

केबलच्या टोकाला मणी असतो. कॅम्पान्योलोच्या मुठीतले त्याचे घर किंचित लहान आहे. नेहमीची केबल ठोकून बसवली तर मणी आत अडकतो आणि निघता निघत नाही. तिला तिचीच केबल द्यावी. माझ्या शिफ्टरमधून असा एक मणी काढायला मिस्त्रींना अर्धा तास लागला होता.

ब्रेकच्या बाबतीत प्रयोग करू नयेत. तेलाच्या ब्रेकमध्ये काहींना खनिज तेल लागते, काहींना डॉट द्रव. एकाचे दुसऱ्यात घातले की आतले रबर फुगते, आणि त्याचा शोध उतारावर लागतो. गिअर चुकला तर गुडघा फुटतो. ब्रेक चुकला तर तेवढ्यावर भागत नाही.

आणि शेवटचे, काहीही बदलले तरी आधी स्टँडवर, मग सपाटीवर, मग छोट्या चढावर, आणि सगळ्यांत शेवटी घाटात. प्रत्येक गिअर, दोन्ही टोकांचे गिअरसुद्धा, जोर देऊन पाहावेत. मी ही पायरी गाळली होती.

व्हर्नियर जिथे पोहोचत नाही

ही मोजामोज आणखी किती वर्षे चालेल, ते सांगता येत नाही. २००९ साली शिमानोने विजेवर चालणारे गिअर आणले, २०११ साली कॅम्पान्योलोने आणि २०१५ साली स्रामने, तेही बिनतारी. तिथे केबलच नाही. बटण दाबले की संदेश जातो, डिरेलरमधली मोटर त्याला ठरवून दिलेल्या जागी सरकते. गिअर इतका अचूक पडतो की पुन्हा हात लावावा लागत नाही. स्पर्धकांसाठी हे वरदानच. २०२१ साली शिमानोने आपल्या वरच्या दोन श्रेणींचे बारा गिअर आणले ते फक्त विजेवर चालणारे. २०२३ साली तिसऱ्या श्रेणीत मात्र बारा गिअर केबलवरही दिले. खालच्या श्रेणींत केबल अजून टिकून आहे.

मला त्याबद्दल तक्रार करायची नाही. ज्याला हवे त्याने घ्यावे. प्रश्न एवढाच की केबल ओढून मोजता येते, संदेश मोजता येत नाही. एका कंपनीच्या बटणाने दुसऱ्या कंपनीच्या मोटरला काय सांगितले, हे मिस्त्रींच्या व्हर्नियरला कळणार नाही. त्यांच्या पाटीवर गुणाकार होणार नाही. भाग बिघडला तर कंपनी देईल तो आणि देईल तोवर, एवढेच हाती राहते. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या, अशी चार क्षेत्रे त्यासाठी घेतली. त्या चारांत सायकलचे नाव नाही. दुरुस्तीचा हक्क सायकलला वेगळा द्यावा लागेल, असे कोणाच्या मनातही आले नसावे. कोपऱ्यावर कोणीही नीट करून देईल अशीच तर ती वस्तू होती.

आपण ग्राहक म्हणून इतके करू शकतो की घेण्याआधी विचारावे : हा भाग पाच वर्षांनी एकटा बदलता येईल का? की त्याच्याबरोबर सगळेच बदलावे लागेल? काचेच्या दुकानातल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला पूर्ण सेट विकायलाच शिकवले आहे, आणि पूर्ण सेट लावला तर काही चुकत नाही, हेही खरेच. पण न चुकण्याची ती किंमत पन्नास हजार होती, आणि मिस्त्रींची कॅसेट, साखळी, केबल आणि मजुरी धरून माझे तीन हजारसुद्धा गेले नाहीत. जमेची बाजू सांगितली, तर तोटाही सांगायला हवा. दहाचे आठ गिअर झाले, म्हणजे दोन गेले. दोन गिअरमधली उडी थोडी मोठी झाली. सपाट रस्त्यावर वाऱ्याशी भांडताना मधला एखादा गिअर हवा होता, असे अधूनमधून वाटते.

महिन्याभराने गुडघा बरा झाल्यावर पुन्हा त्याच घाटात गेलो. निघण्याआधी वहिनींना फोन केला होता. ‘लागलं का ते?’ त्यांनी विचारले. म्हटले, ‘लागलं. आठच गिअर पडतात.’ ‘चालतंय की,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांना कुठे घाई असायची.’

उजाडत होते. मी पडलो होतो त्या वळणाआधी एक खटका दाबला. या शिफ्टरचा आवाज मोठा आहे. शांत घाटात तो दगडावर नाणे आपटल्यासारखा वाजतो. साखळी न कुरकुरता वरच्या चक्रावर चढली. पुढचा खटका, त्या पुढचा. वळण गेले. जुन्या बोगद्याच्या अलीकडे चढ सगळ्यांत कडक आहे. तिथे साखळी अठ्ठावीस दात्यांच्या शेवटच्या चक्रावर होती आणि तरीही माझे बोट आपोआप खटक्याकडे गेले. खटका हलला नाही. दहाच्या मुठीत अजून दोन खटके शिल्लक आहेत, पण त्यांना चक्र नाही.

मित्र मागे असता तर त्याने ऐकले असते आणि म्हणाला असता, ‘मोजून झालं ना? आता पाय हलव.’ मी पाय हलवले.